सतरा नंबरचा लिंब

लिंबाच्या झाडांना रोग का होतो हे शोधायला मी गेलो आणि भूम-परंडा रस्त्यावर चाळीस झाडांचं एक देवस्थान उभं करून आलो. यात माझा काडीचाही दोष नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी आज वनखात्यात बऱ्या हुद्द्यावर आहे, आणि तरीही भूमच्या स्टँडवर उतरलो की कुणीतरी हाक मारतंच, "ओ चिंधीवाले!"

गोष्ट बासष्ट सालची. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन घरी आलो होतो. आमचे वनस्पतीशास्त्राचे सिद्धलिंग स्वामी सर दर उन्हाळ्यात एका विद्यार्थ्याला संशोधनाचं काम द्यायचे. त्या वर्षी ते मला मिळालं. का मिळालं, तर वर्गात भूमकडचा मी एकटाच होतो आणि सरांना भूमकडचेच लिंब हवे होते. पण घरी मी हे कारण सांगितलं नाही. हुशारीवर मिळालं, असं सांगितलं.

काम सोपं होतं. आमच्या रस्त्याकडेचे लिंब दोन-तीन वर्षांपासून शेंड्याकडून वाळत होते. सरांनी लिहिलं होतं की ओळीनं चाळीस झाडं धर, रोगी कोणती, निरोगी कोणती याची नोंद कर. आणि रोगी झाडांच्या गर्दीत एखादं झाड हिरवंगार राहिलेलं दिसलं, तर त्याला जिवापाड जप. त्याच्या अंगातच काहीतरी असणार. जूनमध्ये त्याच्या शंभर पिकलेल्या लिंबोळ्या आण, आपण रोपं करू आणि आईचा गुण लेकरांत उतरतो का ते बघू. अहवाल चांगला झाला तर बी.एस्सी. झाल्यावर तुला देहरादूनला वनशास्त्र शिकायला पाठवायची खटपट मी करतो.

देहरादून! मी ते पत्र रोज दोनदा वाचायचो. कारण दुसरीकडं माझ्यासाठी तहसील कचेरी आ वासून बसली होती. आमचे अब्बा, पाशामियाँ, तिथं कारकून होते. हैदराबादचं राज्य गेलं, मुंबईचं आलं, मग महाराष्ट्राचं आलं. अब्बांची खुर्ची तीच, तिचा एक पाय आखूड तो पण तोच. फक्त उर्दूतले अर्ज मराठीत आले. तहसीलदारांनी त्यांना शब्द दिला होता, "पोराला उन्हाळ्यानंतर पाठवा, चिकटवून टाकू." अब्बांनी मला स्पष्ट सांगितलं, "जून अखेरपर्यंत झाडं मोज. तुझ्या सरचं पक्कं पत्र आलं तर बेशक देहरादून. नाही आलं तर एक जुलैला माझ्या शेजारच्या टेबलावर."

अम्मानं यावर एवढंच विचारलं, "देहरादून कित्ता दूर है?" मी तीन दिवसांचा प्रवास सांगितल्यावर तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

शेजारचे किराणावाले बसप्पा मात्र भरपूर बोलले. "झाडाला कसला आलाय रोग? पाणी न्हाय, ह्योच रोग. चार बादल्या वत आन् मोकळा हो." मी त्यांना बुरशी समजावून सांगायला लागलो. ते म्हणाले, "बुरशी लोणच्याला येती बाबा." आणि खरंच त्यांनी बरणी आणून दाखवली.

नोंदीसाठी झाडांना नंबर हवे होते. सर म्हणाले होते पत्र्याच्या चकत्या ठोक. मी डालड्याचे डबे कापले, खिळ्यानं ठोकून एक ते चाळीस आकडे पाडले, बोटं कापून घेतली आणि गावापासून दीड मैलावरच्या मैलाच्या दगडापासून ओळीनं चाळीस झाडांवर चकत्या लावल्या. दुसऱ्या दिवशी गेलो तर झाडं होती, चकत्या नव्हत्या.

त्या सापडल्या शेळ्यांच्या गळ्यात. सतराव्या झाडाखाली बिरू धनगर आणि त्याची बायको हरणाबाई दुपारी शेळ्या बसवायचे. मी जाब विचारला तर हरणाबाई कौतुकानं म्हणाली, "लई ग्वाड वाजत्यात बग. आन् शेळी हरवली तर लंबर सांगाया येतो." माझ्या वहीत नऊ नंबरच्या झाडाला शेंडेवाळ झालेली होती. नऊ नंबरची शेळी ठणठणीत होती आणि माझ्या वहीचा कोपरा खात होती.

मग मी चुना घेतला आणि खोडांवर ढळढळीत आकडे काढले. ते कुणाला गळ्यात घालता येईनात म्हणून मी खुशीत होतो. तिसऱ्या दिवशी आसपासच्या शेतकऱ्यांचा मोर्चा तहसीलवर गेला. रस्ता रुंद होणार, झाडांवर नंबर पडले, आता जमिनी जाणार! तहसीलदारांनी चौकशी केली आणि भर कचेरीत अब्बांना विचारलं, "काय हो पाशामियाँ, चिरंजीव कोणत्या खात्यात लागले?" तीस वर्षांच्या नोकरीत अब्बांना असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्या संध्याकाळी त्यांनी रागानं माझ्यापुढं काथ्याचा गुंडा आणून टाकला. दुसऱ्या दिवशी मी चाळीस झाडं काथ्यानं घासून काढली. रस्त्यानं जाणारे येणारे थांबून बघायचे. एकानं तर "पाठ बी घासा की जरा" असा सल्ला दिला. मी संशोधक आहे हे मी त्याला सांगितलं नाही.

चिंधीची कल्पना अब्बांची. राग उतरल्यावर त्यांनीच चहा पिता पिता सांगितलं, "बेटा, झाडाला बांधलेल्या चिंधीला या मुलखात कुणी हात लावत नाही. हिंदू असो, मुसलमान असो. ज्यानं बांधली त्यानंच सोडायची, आणि ती पण नवस फिटल्यावर."

मला हे एकदम पटलं. बसप्पाकडून लाल खारवा आणि हिरवं कापड आणलं. रोगी झाडाला लाल चिंधी, निरोगी झाडाला हिरवी. नंबर मैलाच्या दगडापासून मोजायचे. आठवडा गेला. एक चिंधी हलली नाही. त्याच आठवड्यात मला ते झाड कळलं. अकरापासून चोविसापर्यंत सगळे लिंब शेंड्याला वाळलेले, आणि मधोमध हरणाबाईचा सतरा नंबर असा हिरवागार की त्याच्या सावलीत चाळीस शेळ्या मावाव्यात. सरांना कळवलं. उलट टपाली उत्तर आलं, "हेच ते झाड. याला काही झालं तर तुझा अहवाल म्हणजे रद्दी." मी सतरा नंबरला हिरवी चिंधी दुहेरी गाठ मारून बांधली.

आता तुम्हीच बघा. कॉलेजात शिकलेला एक माणूस रोज सकाळी वही घेऊन येतो, झाडाला चिंधी बांधतो, दोन पावलं मागं सरतो, वर बघत काहीतरी पुटपुटतो आणि लिहून घेतो. लोकांनी काय समजायचं?

चौथ्या झाडावर पहिली निळी चिंधी दिसली तेव्हा मला वाटलं, वाऱ्यानं आली असेल. पण वारा गाठ मारत नाही. हरणाबाईला विचारलं तर ती लाजली. "आमची काळी शेळी गाबन ऱ्हात न्हवती. म्हनलं, सगळे बांधत्यात तर आपुन बी बांधावी."

"सगळे कोण? मीच एकटा बांधतोय!"

"आवो, पन तुम्ही शिकल्याले."

आठवडी बाजार झाला आणि संपलंच. बाजारहून परतणाऱ्या बायकांनी साड्यांचे काठ बांधले, पुरुषांनी पटक्यांचे तुकडे बांधले. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "कंच्या कामाला कंचं झाड?" मी संशोधकाच्या प्रामाणिकपणानं सांगितलं की लाल म्हणजे रोगी, हिरवं म्हणजे चांगलं. तेवढं पुरलं. ज्यांना दुखणं होतं ते लाल बांधू लागले, ज्यांच्या घरात लग्न अडलं होतं ते हिरवी. पुढं पुढं जे हाताला लागेल ते. नारळ फुटू लागले. बसप्पाही दम्यासाठी येऊन बांधून गेले, आणि दुकानात नवसाच्या चिंध्या वेगळ्या काढून विकायला लागले. महिन्याभरात माझी चाळीस झाडं नव्या नवऱ्यांसारखी सजली, आणि रोगी कोण, निरोगी कोण, हे लांबून ओळखू येईना.

मी एक परकी चिंधी सोडायला हात घातला मात्र, हरणाबाई काठी घेऊन धावली. "आरं, दुसऱ्याचा नवस सोडतुस? त्येचं पाप कुनाच्या डोक्यावर?" पाचसात माणसं जमली. मी चिंधी परत बांधली. गाठ नीट बसली नाही म्हणून ती त्यांनी माझ्याकडून पुन्हा बांधून घेतली.

आता सरकारी परवानगीशिवाय गत्यंतर नव्हतं. अब्बा म्हणाले, "अर्ज मी लिहितो." अब्बांचा अर्ज म्हणजे साधी गोष्ट नव्हती. त्यात झाडांचं वर्णन होतं, रोगाचं वर्णन होतं, माझ्या हुशारीचं वर्णन होतं. रोगी झाडांना अर्जदारानं लाल चिंधी बांधली असून इतरांनी बांधलेल्या चिंध्या काढण्याची परवानगी मिळावी, असं मध्ये कुठंतरी होतं. आणि शेवटी, तीस वर्षं प्रत्येक अर्जाच्या शेवटी लिहायची सवय म्हणून, त्यांनी लिहिलं, 'तरी रोगट झाडांबाबत पुढील योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.'

अर्ज तहसिलातून रस्त्याच्या खात्यात गेला. तिथं कुणीतरी फक्त शेवटची ओळ वाचली असावी, कारण योग्य ती कार्यवाही झाली. हुकूम निघाला, 'सदर रस्त्यावरील लाल चिंधी असलेली रोगट झाडे तोडून लाकडाचा लिलाव करावा.'

अब्बांनी तो हुकूम तीनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मेरे हात से लिखा गया," एवढंच म्हणाले. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण त्यांचं तोंड बघून जमलं नाही. जूनचा पहिला आठवडा होता. लिंबोळ्या अजून हिरव्याच होत्या. पिकायला किमान दहा दिवस हवे होते.

ओव्हरसीअर मल्लिनाथ सकाळीच करवतवाले घेऊन हजर झाले. कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात हुकूम. त्यांनी ओळीवरून एक चक्कर मारली. चाळीसपैकी तेहतीस झाडांवर कुठं ना कुठं लाल चिंधी होती. करवतवाल्यांनी नवसाची झाडं बघून करवती खाली ठेवल्या आणि विडी पेटवली. तोवर दोन गावं जमली होती.

"मी काय करू?" मल्लिनाथ मला काकुळतीनं म्हणाले. "मी पन देवाधर्माचा माणूस हाय. कुनाच्या नवसाला हात लावायचा न्हाय मला. पन हुकमात लाल चिंधी म्हटलंय." मग त्यांनीच वाट काढली. मोठ्यानं ओरडून सांगितलं, "ज्यानं बांधली त्यानं येऊन सोडावी! दिवस बुडायच्या आत ज्या झाडावर लाल चिंधी ऱ्हाईल, ते तुटंल!"

मंडळी, त्या दुपारी आमच्या मुलखात जेवढे नवस फिटले तेवढे कुठल्या पिढीत फिटले नसतील. बसप्पा धापा टाकत आले, पाच मिनिटं खोकले आणि "दमा बरा झाला" म्हणून चिंधी सोडून गेले. एकाची हरवलेली म्हैस सापडली. ती कुठं आहे हे त्याला सांगता येईना. एकीच्या सुनेला चिंधी सोडताना दिवस गेले, आणि सून बाजूलाच उभी राहून "अगं बाई!" म्हणाली. लोकांना झाडं वाचवायची होती. सावली सगळ्यांचीच होती ना. मीही माझ्या लाल चिंध्या सोडल्या, अहवाल होईपर्यंत ती झाडं उभी हवीच होती. मल्लिनाथ प्रत्येकाला गंभीरपणे विचारायचे, "फिटला?" आणि माणूस "फिटला" म्हणाला की वहीत खूण करायचे.

दिवस कलला तेव्हा सगळ्या रस्त्यावर एकच लाल चिंधी उरली होती. सतरा नंबरवर, माझ्या हिरव्या चिंधीच्या वर.

"हिची मालक कोन?" मल्लिनाथांनी चारदा पुकारा केला. कुणी पुढं येईना. हरणाबाई शेळीच्या पाठीवरून हात फिरवत खाली बघत बसली होती. एरवी तिचं तोंड क्षणभर मिटत नसे.

"मी सोडतो," मी म्हणालो.

"तुम्ही बांधली का?"

"नाही, पण साहेब, हे झाड निरोगी आहे! रोगी झाडांच्या मधोमध हे एकच हिरवं राहिलंय! रोगी झाडं सगळी सोडून तुम्ही हेच तोडणार?"

"हुकमात रोग न्हाय, चिंधी हाय," ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "आन् एक बी झाड न्हाय तोडलं तर कार्यवाही काय म्हनून लिहू?" त्यांनी करवतवाल्यांना खूण केली. मी खोडाला पाठ लावून उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं होतं ते लपवायला मी वर बघितलं, तर वाऱ्यानं ती चिंधी उलगडली आणि तिच्या काठाला जुना काळवंडलेला गोटा, जरीची किनार, दिसला. तसा गोटा मी लहानपणी एकाच ओढणीला बघितला होता. आमच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत, तळाशी. अम्माच्या निकाहची.

आणि त्याच वेळी अम्मा समोरून येताना दिसली. मी सकाळपासून जेवलो नव्हतो म्हणून डबा घेऊन निघाली होती. गर्दी बघितली, करवत बघितली, मला बघितलं. डबा हरणाबाईच्या हातात दिला.

"अम्मा, ही तुझी आहे?"

"हौ," ती म्हणाली.

"मग सोड की लवकर! माझ्या कामासाठीच बांधली ना? झाड राहिलं तरच काम होणार. फिटला म्हण आणि सोड!"

अम्मा गाठीपाशी गेली. गाठीवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. मल्लिनाथ खाकरले. मी म्हणालो, "अम्मा, दिवस बुडतोय." तरी ती हलेना. नवसाच्या बाबतीत अम्मा फार काटेकोर, हे मला ठाऊक होतं. खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं असेल असं मला वाटलं, आणि मनात मी चिडलो सुद्धा. बसप्पा दमा बरा करून गेले, आणि हिला एक शब्द बोलवत नाही!

शेवटी तिनं माझ्याकडं बघितलं. मग मल्लिनाथांना म्हणाली, "फिटला. माझा नवस फिटला." आणि दातानं गाठ सोडवली.

मल्लिनाथांनी लिहिलं, 'समक्ष पाहणी केली. लाल चिंधीचे झाड आढळून आले नाही. सबब कार्यवाही पूर्ण.' करवतवाले नारळाचा प्रसाद खात गेले.

बारा दिवसांनी मी सतरा नंबरच्या शंभर लिंबोळ्या घेऊन सरांकडं गेलो. अहवालात चिंध्यांचा उल्लेख मी टाळला. सरांचं पक्कं पत्र जूनच्या अठ्ठावीस तारखेला आलं, अब्बांच्या टेबलापासून मी तीन दिवसांनी बचावलो. लिंबोळ्यांची त्र्याऐंशी रोपं झाली, आणि पुढच्या वर्षी शेजारची रोपं शेंड्याकडून वाळली तेव्हा त्यातली निम्म्याहून जास्त हिरवी राहिली. सर इतके खूश झाले की वर्गात त्यांनी माझं नाव बरोबर उच्चारलं.

त्रेसष्टच्या जुलैत मी देहरादूनला निघालो. परंड्यावरून कुर्डुवाडी, तिथून पुढं रेल्वे. अम्मा घरातूनच निरोप देऊन आत गेली. स्टँडवर हरणाबाई आली होती, बिरूनं दिलेलं शेळीचं तूप घेऊन. बाटली माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "लेकरा, तुझ्या मायनं काय मागितलं हुतं, ठावं हाय का तुला?"

"माझं काम व्हावं म्हणून."

"न्हाय रं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "म्या तितंच बसल्याली हुते. ती म्हनली, माझं लेकरू दूर नगं जाऊ दे. हितंच ऱ्हाऊ दे."

गाडी सुरू झाली. मी खिडकीशी बसून होतो. अम्मा गाठीवर हात ठेवून किती वेळ उभी होती आणि मी तिला लवकर कर म्हणत होतो, हेच डोळ्यांपुढं येत होतं. मला उतरून घरी पळत जावंसं वाटलं. गेलो नाही. दीड मैलावर मैलाचा दगड आला. मी झाडं मोजली. सतरा नंबरवर एक लाल चिंधी होती, गोट्याच्या काठाची. ओढणीचा उरलेला तुकडा.

देहरादूनच्या पत्रांत मी तिला कधी विचारलं नाही की या वेळी काय मागितलंस. ती पण लिहायला लावायची ते जेवतोस का, थंडी किती आहे, एवढंच.

दोन वर्षांनी नोकरीचा कागद खिशात घालून मी त्याच रस्त्यानं परत आलो. मी येतोय हे घरी कळवलं होतं. लिंबांची ओळ लागताच मी कंडक्टरला गाडी थांबवायला सांगितलं, तर ड्रायव्हरनं आधीच ब्रेक मारला होता. सतरा नंबरखाली हरणाबाई हात आडवा करून रस्त्यात उभी होती, आणि तिच्या मागं अम्मा, गाठीला हात लावून. मी खिडकीतून तोंड बाहेर काढलं. तिनं माझ्याकडं नीट बघितलं, खात्री करून घेतली, आणि मग गाठ सोडायला लागली. दोन पावसाळ्यांनी ती गाठ दगडासारखी झाली होती. कंडक्टर घंटी ओढत म्हणाला, "ओ बाई, गाडीला उशीर होतोय, सोडा रस्ता!"

"थांब की जरा मुडद्या," हरणाबाई त्याच्यावर खेकसली. "आधी गाठ सुटू दे तिची."